कच्छचा रणोत्सव : नाशिकहून आईला घेऊन जायचंय, कसं जमवावं?

गोदाकाठ | २१ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. यंदा थंडीत कच्छच्या रणोत्सवाला जायचं घाटतंय. माणसं चार : मी, बायको, पाचवीतली लेक आणि आई. आई सत्तरीची. गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. खूळ मूळचं लेकीचं. पांढऱ्याशुभ्र जमिनीचा फोटो बघून तिने विचारलं, हा बर्फ का? मी म्हटलं, मीठ. त्यावर दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मला ते चाटून बघायचंय." झालं.

आता अडचणी. नाशिकरोडहून जावं कसं? उत्सव भरतो त्या धोरडो गावच्या तंबूनगरीत राहावं की भुजला? जो तो सांगतो पौर्णिमा गाठा. आम्हा दोघांच्या रजा जमतात ती पौर्णिमा नेमकी मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंती. आणि आई गेली चाळीस वर्षं दत्तजयंतीला गोदाघाटावरच्या एकमुखी दत्ताचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही. तिला विचारायची माझी टाप नाही. पौषातली पौर्णिमा बघू का?

सातपूर_सारथी | २१ सप्टेंबर

मागच्या जानेवारीत स्वतःच्या गाडीने जाऊन आलो. दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई करत सुरत. पुढे वडोदरा, अहमदाबाद. मग विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, सामखियाळी, भचाऊ, भुज. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पडतं. अहमदाबादला मुक्काम कराच, एका दमात जायचा शहाणपणा आम्ही केला आणि हळवदच्या पुढे मीठ वाहणाऱ्या ट्रकांच्या मागे झोपायची वेळ आली. सामखियाळीच्या अलीकडे सूरजबारीचा पूल लागतो. दोन्हीकडे खाजण आणि लांबवर मिठाचे ढीग. तो ओलांडला की कच्छ.

आणि आपण पडलो वाइनच्या गावचे, म्हणून सांगतो. बाटली घरी ठेवा. तिकडे दारूबंदी आहे आणि सापुताऱ्याच्या नाक्यावर आमची डिकी उघडून बघितली होती. निघाली ती बायकोची लोणच्याची बरणी. हवालदाराने वास घेऊन परत दिली.

निफाडची_थंडी | २२ सप्टेंबर

आईंना घेऊन गाडीने? साडेआठशे जाताना, साडेआठशे येताना? गुडघ्यांचा विचार करा हो.

सातपूर_सारथी | २२ सप्टेंबर

मी माझं सांगितलं. त्यांनी कसं जावं ते त्यांनी ठरवावं.

चाकरमानी_नाशिकरोड | २२ सप्टेंबर

रेल्वेने जा. सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या बाजूला यायचं, आणि दुपारची दादर-भुज सयाजीनगरी पकडायची. रात्रभर झोप, सकाळी भुज. दुसरी कच्छ एक्स्प्रेस, ती वांद्रे टर्मिनसहून संध्याकाळी सुटते. पण सामान आणि म्हातारं माणूस घेऊन वांद्रे टर्मिनसला पोचणं हा वेगळाच उत्सव आहे. तेव्हा दादरच बरं. मध्ये चार-पाच तास हातात राहतात, पंचवटी लेट झाली तरी धाकधूक नाही.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पौर्णिमेच्या आठवड्याला उघडल्या उघडल्या झडप घाला. खालचा बर्थ ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून मागा. आणि परतीचं तिकीट आधी काढा, जायचं नंतर. लोक उलटं करतात आणि भुजला अडकतात.

कच्छी_नाशिककर | २२ सप्टेंबर

इतके दिवस नुसता वाचक होतो, आज राहवलं नाही. माझं गाव नखत्राणा तालुक्यात, जन्म मात्र नाशिकचा. आजोबा लाकडाच्या वखारीसाठी इकडे आले, आम्ही प्लायवूडवर आलो. घरी कच्छी, दुकानात मराठी, हिशेबाच्या वहीत गुजराती.

गोदाकाठ, दत्तजयंती ही तुमची अडचण नाहीच. ते तर तुमचं आमंत्रण आहे. खावड्याच्या पुढे काळो डुंगर म्हणून डोंगर आहे, अख्ख्या कच्छात सगळ्यात उंच, साडेचारशे मीटरच्या जरासा वर. आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच म्हणा. पण वर उभं राहिलं की उत्तरेला नजर पोचेल तिथपर्यंत रण, पांढरं. आणि त्या डोंगरावर देऊळ कोणाचं? दत्तात्रेयाचं.

तिथली रीत अशी की आरती झाली की पुजारी भाताचा प्रसाद घेऊन देवळामागच्या ओट्यावर जातो आणि हाळी देतो : "लोंग! लोंग!" आणि रानातून कोल्हे येतात. खरेखुरे. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. गोष्ट सांगतात की दत्तप्रभू त्या डोंगरावर आले तेव्हा भुकेले कोल्हे समोर आले. द्यायला जवळ काही नाही, म्हणून प्रभूंनी स्वतःचंच अंग पुढे केलं : "ले अंग". त्याचं झालं लोंग. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आईंना एवढंच सांगा. पुढचं त्या ठरवतील.

गोदाकाठ | २३ सप्टेंबर

सांगितलं. आई देवघरातून उठून बाहेर आली, विचारलं, "गाडी किती वाजता आहे?" एकमुखी दत्ताला निघायच्या आदल्या दिवशी जाऊन 'यंदा येत नाही' असं सांगून येणार आहे म्हणे.

निफाडची_थंडी | २३ सप्टेंबर

😂😂 रजा मंजूर!

कपड्यांचं माझ्याकडून. नाशिककर म्हणतात आम्हाला थंडीचं काय सांगता. खरं आहे, निफाडला आमच्या बागेत पहाटे पारा खाली आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्र रात्र शेकोट्या पेटवतो. पण आपल्याकडे झाड आहे, बांध आहे, आडोसा आहे. रणात काही म्हणजे काही नाही, वारा थेट अंगावर. दुपारी टीशर्टात घाम आणि सूर्य बुडाला की अर्ध्या तासात कानटोपी. आईंना पायमोजे दोन जोड. दुपारसाठी गॉगल घ्याच, मिठावरून ऊन उलटून डोळ्यांत येतं. आणि चांगले बूट नेऊ नका. मी नेले. मीठ शिवणीत जाऊन बसलं, पावसाळा आला तसा बुटांना पाझर फुटला.

तंबूला_नको | २५ सप्टेंबर

राहण्याबद्दल कडू बोलतो, राग मानू नका. तंबूनगरीत आम्ही दोन रात्री होतो. सोय उत्तम, भुज स्टेशनवरून ने-आण, तिन्ही त्रिकाळ जेवण, रात्री गरबा आणि लोकगीतं. पण मी कच्छला गेलो होतो की एखाद्या लग्नाच्या लॉनवर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घंटेवर उठा, बसमध्ये बसा, फोटो काढा, बसमध्ये बसा. पैसे तर विचारू नका.

त्याआधी आणखी एक झालं. एका एजंटाने फोनवर "शेवटचे दोन तंबू" म्हणून आगाऊ रक्कम घेतली, पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आणि आठवड्याने त्याचा नंबर बंद. वेबसाइट हुबेहूब सरकारीसारखी होती. तेव्हा गुजरात पर्यटनाच्या मूळ संकेतस्थळावरून पुढे जा, शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको.

कॉलेजरोड_कट्टा | २५ सप्टेंबर

लॉन काय, काहीही! आम्हाला तंबू खूप आवडला. सगळ्यांनाच मातीत लोळायची हौस नसते. लहान मूल आणि सत्तरीची आई असेल तर गरम पाणी आणि स्वच्छ संडास हे संस्कृतीपेक्षा महत्त्वाचे.

तंबूला_नको | २५ सप्टेंबर

गरम पाणी गावातल्या भुंग्यातही मिळतं.

कॉलेजरोड_कट्टा | २५ सप्टेंबर

भुंग्यात??

कच्छी_नाशिककर | २६ सप्टेंबर

भुंगा म्हणजे आमच्याकडचं गोल घर 🙂 मातीच्या जाड भिंती, वर शंकूसारखं गवताचं छप्पर. आतून चिखल आणि शेणाचं लिंपण, त्यात आरशाचे तुकडे. गोल असल्यामुळे भूकंपात टिकतं. २००१ च्या २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊला जमीन हलली तेव्हा भुज, भचाऊ, अंजार झोपले, पण बन्नीच्या गवताळ भागातले कित्येक भुंगे उभे राहिले. आमच्या गावातलं दगडी घर पडलं. मी तेव्हा नाशिकला नववीत होतो. झेंडावंदन करून घरी आलो तर वडील फोनचा रिसीव्हर हातात धरून बसलेले, पलीकडे नुसता खरखराट. तीन दिवस लाइन लागली नाही.

भुजला गेलात तर भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन बघा. २०२२ ला उघडलं. लेकीलाही नेता येईल.

तर राहण्याचं माझं मत : होडको किंवा आसपासच्या गावात भुंग्यात दोन रात्री, भुजला एक. धोरडो तिथून जवळ आहे. उत्सवाचं मैदान, हस्तकलेचे स्टॉल, पांढरं रण, सगळं तंबूत न राहताही बघता येतं. हा उत्सव सुरुवातीला तीन दिवसांचा होता, आता हिवाळाभर चालतो. धोरडोला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटनग्रामांच्या यादीत घेतलं. गावाला त्याने पैसा आला हेही खरं, त्याला नाव ठेवणार नाही. बन्नीत पूर्वी म्हशी आणि गवत यावरच सगळं होतं, आणि गवतात आता विलायती बाभूळ घुसलीय. आम्ही तिला गांडो बावळ म्हणतो, वेडी बाभूळ.

परवान्याचं : रण सरहद्दीला लागून आहे, म्हणून परवाना लागतो. ऑनलाइन काढा नाहीतर भिरंडियाराच्या चौकीवर. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा, लेकीचंही. संध्याकाळी किती वाजेपर्यंत आत थांबू देतात ते तिथेच विचारून पुढे जा, चंद्र बघायचा तर तेच महत्त्वाचं. भिरंडियारालाच रस्ता फुटतो, डावीकडे होडको-धोरडो, सरळ खावडा. आणि चौकीसमोर मावा विकतात. म्हशीच्या दुधाचा, गोड, कढईतला गरम. तो न खाता परत आलात तर माझ्या दुकानात पाऊल ठेवू नका.

द्वारका_सर्कल | २६ सप्टेंबर

एक बावळट प्रश्न. हे एवढं मीठ येतं कुठून? समुद्र तर लांब आहे ना?

कच्छी_नाशिककर | २७ सप्टेंबर

बावळट कसला. एके काळी तिथे समुद्राचाच फाटा होता, तो गाळाने भरत गेला. आता दर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो, वरून लुणीसारख्या नद्या गोडं पाणी आणून ओततात. जमीन परातीसारखी सपाट, पाणी जाणार कुठे? गुडघाभर पाण्याचं तळं होतं, शेकडो मैल. मग ऑक्टोबरपासून आटत जातं आणि मीठ वर साय धरतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलेले पुष्कळ लोक चिखल बघून येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी खरं.

१८१९ च्या भूकंपात तर रणाच्या वायव्येला जमिनीचा बांध आपोआप वर आला, ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. माणसाने बांधला नाही म्हणून लोक अल्लाहबंद म्हणतात. सिंध्री नावाचा किल्ला त्याच वेळी पाण्यात बसला.

आणि रणं दोन आहेत, घोटाळा करू नका. हे मोठं रण. रानगाढवांचं आणि अगरियांच्या मिठागरांचं ते छोटं रण, सुरेंद्रनगरच्या बाजूला. एकाच फेरीत दोन्ही करायला जाल तर आई गाडीतच राहतील.

येवलेकरीण | २ ऑक्टोबर

खरेदीबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मीच लिहिते. आमच्या घरात पैठणीचे माग आहेत, तेव्हा कापड हातात घेतलं की बोटं आपोआप उलटी बाजू चाचपतात. कच्छात मी दोन दिवस तेच करत होते.

अजरखपूरला जा. अजरख म्हणजे ठशांनी छापलेलं कापड. त्यातलं उंची असेल ते दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, आणि दोन्हीकडचे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसतात. मी सुई टोचून बघितली! गुळीचा निळा, मंजिष्ठाचा लाल, लोखंडाचा काळा. धुणं, हिरड्यात भिजवणं, छापणं, वाळवणं, परत धुणं, असे चौदा-पंधरा टप्पे. हे कारागीर मूळचे धमडक्याचे. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून काही घरांनी नवं गावच वसवलं. पाण्यासाठी गाव बदलायचं! आमच्याकडे रेशमाचा भाव वाढला की लोक माग विकतात, ते आठवलं.

निरोण्याला रोगनकाम. एरंडेल दोन दिवस उकळून त्याचं मधासारखं चिकट करतात, रंग घालतात, तळहातावर गोळा घेऊन सळईने त्याची तार ओढत कापडावर अर्धी नक्षी काढतात. मग कापड दुमडलं की उरलेली अर्धी आपसूक उमटते. सळई कापडाला लागतच नाही. मी समोर बसून होते, श्वास घ्यायला विसरले.

शाल घ्यायची तर भुजोडीत, विणकराच्या दारात. काला कापसाची मागा, तिकडचा देशी, पावसावर येणारा. भाव करताना जरा जपून. दोन हजाराची शाल बाराशेला मागणाऱ्या एका बाईंना (आपल्याच, मराठीत बोलत होत्या) विणकराने शांतपणे मागावर बसवलं, म्हणाला, एक बोट विणून दाखवा. त्या दोन हजार देऊन उठल्या.

गोदाकाठ | १० ऑक्टोबर

ताई, हे बायकोने वाचलं. बजेट वाढलंय. धन्यवाद म्हणू की काय म्हणू 🙏

तिकिटं मात्र निघाली. दोन्हीकडची, खालचे दोन बर्थ मिळाले. भुंगा ठरला. धोळावीरा, ते हडप्पाकालीन शहर, जमेल का? खावड्याहून रस्ता झालाय असं ऐकतो.

सातपूर_सारथी | १० ऑक्टोबर

झालाय. रण चिरत जातो, दोन्ही बाजूंना पांढरं नाहीतर पाणी, मध्ये तुमची गाडी. त्या रस्त्यासाठी तरी जा. सकाळी लवकर निघा, भुजलाच टाकी भरून घ्या. धोळावीरा २०२१ पासून जागतिक वारशात आहे. पण ऊन आणि पायऱ्या फार. आईंना वरच्या तटबंदीवर चढवू नका, खाली पूर्वेकडचा मोठा हौद बघितला तरी पुरे. पाऊस बेताचा, नदीचा भरवसा नाही, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाणी कसं अडवून ठेवलं होतं बघा. आपल्याकडे गंगापूर धरण उशाला आणि एप्रिलमध्ये टँकर.

चाकरमानी_नाशिकरोड | १० ऑक्टोबर

राजकारण नको 🙂

गोदाकाठ | १४ डिसेंबर

आलो मंडळी. उशीर झाला लिहायला, आल्यापासून कपड्यांतलं मीठ झटकतोय.

गाडी वेळेवर. भुजहून टॅक्सी केली. खावड्याच्या रस्त्यावर कर्कवृत्ताची पाटी लागते, लेकीने एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. चौकीवर वीस मिनिटं. मावा खाल्ला. दोनदा.

दत्तजयंतीला सकाळीच काळो डुंगर. गाडी बरीच वरपर्यंत जाते. आईने नाशिकहून आणलेली पेढ्यांची पुडी देवापुढे ठेवली. आरती झाली, पुजारी भाताचं पातेलं घेऊन निघाला, आम्ही कठड्यापाशी. हाळी दिली. काही नाही. परत दिली. एक कावळा आला. माणसं कंटाळून व्ह्यू पॉइंटकडे निघाली. आई म्हणाली, तुम्ही जा, मी थांबते. म्हणून मीही थांबलो. पाऊण तासाने झुडपातून एक आला. मागे दुसरा. भुरकट, बारीक, आपल्या कुत्र्याहून लहान. घाईघाईत चार घास खाल्ले, एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं, आणि गेले. आईने हात जोडले. उतरताना म्हणाली, "गाणगापूरला कुत्री, इथे कोल्हे. त्याचा गोतावळाच असला."

संध्याकाळी पांढरं रण. उंटगाडीत आईला बसवली आणि पस्तावलो. प्रत्येक धक्क्याला ती "दत्त दत्त" म्हणत होती. बस असते, त्यात बसवा. मनोऱ्याजवळ जत्रा आहे, ढोल, फुगे, ड्रोन, सगळं. पण तिथून डावीकडे पंधरा मिनिटं चालत गेलं की आवाज मागे राहतो. पायाखाली खडीसाखरेवर चालल्यासारखं करकर वाजतं. मिठाला षटकोनी भेगा, कडा जराशा उचललेल्या, पापडासारख्या. एका ठिकाणी टाच आत गेली, खाली करडा चिखल आणि खाडीचा वास. पश्चिमेला सूर्य टेकला तेव्हा पूर्वेला चंद्र निघालाच होता, दोन्ही एकाच उंचीवर, आणि मध्ये आम्ही चौघं. चंद्र वर आला तशी जमीन पांढरी राहिली नाही, निळसर झाली. बायको म्हणाली, बोलू नका कोणी. कोणी बोललं नाही.

मग लेकीने खाली बसून तो कार्यक्रम उरकला. बोट घासलं, जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं.

"खारट नाहीये. कडू आहे!"

मी चाटून बघितलं. खरंच कडसर.

कच्छी_नाशिककर | १४ डिसेंबर

पोरगी हुशार आहे. रणातलं मीठ तसंच असतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. अगरिये ते क्षार वेगळे काढतात, मग मीठ तुमच्या डाळीत येतं. आईंचे गुडघे कसे आहेत?

आणि मावा आणला का?

गोदाकाठ | १४ डिसेंबर

गुडघे बरे आहेत, जिभेपुढे त्यांचं काही चालत नाही. मावा एक किलो घेतला होता. सुरतपर्यंत होता.

तुमची ती उडदाची मिठाई, अडदिया, आणलीय. उद्या दुकानात येतो.